म्हातारा कुत्रा अचानक लंगडायला लागला तर

मोती साडेनऊ वर्षांचा असताना एका सकाळी माझ्याकडे चालत आला आणि फरशीवरचा त्याच्या नखांचा आवाज मला वेगळा वाटला. एरवी टक-टक-टक-टक असा एकसारखा येणारा आवाज त्या दिवशी मधेच अडखळत होता. डावा पुढचा पाय तो टेकवायचा, पण टेकवला की लगेच उचलायचा. दुपारपर्यंत ठीक झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी मनाशी म्हटलं, वय झालं आता, चालायचंच. एकोणीस दिवस मी हेच म्हणत राहिले. विसाव्या दिवशी त्याच्या मनगटाच्या जरा वर सुपारीएवढा टणक उंचवटा माझ्या हाताला लागला. एक्सरेमध्ये तेवढ्या जागी हाड वाळवी लागलेल्या लाकडासारखं दिसत होतं. हाडाचा कर्करोग.

लवकर आणलं असतं तर तो वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खरं उत्तर दिलं. आजार तोच राहिला असता, तो बहुतेक वेळा आधीच रक्तातून पसरलेला असतो. पण इतके दिवस तो हे दुखणं औषधाशिवाय सोसत होता, ते सोसावं लागलं नसतं. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मोतीनंतर सावली आली, ती आता तेरा वर्षांची आहे, आणि तिच्या चारही पायांनी आळीपाळीने मला बरंच काही शिकवलं आहे. जे डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं आणि स्वतःच्या हाताने करून पाहिलं, तेवढंच इथे सांगते.

म्हातारा म्हणजे किती वर्षांचा? मोठ्या चणीची कुत्री सातव्या-आठव्या वर्षीच उताराला लागतात, फार अवाढव्य जातींची त्याही आधी, लहान चणीची दहाव्या-अकराव्या वर्षी. तुमचा कुत्रा यात कुठेही बसत असला आणि काल नीट चालणारा आज लंगडत असला, तर त्याच्या अंगात नेमकं काहीतरी दुखतं आहे. ते नख असेल, सांधा असेल, लिगामेंट (सांध्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा), हाड किंवा मणका असेल. ते शोधायचं असतं.

हात लावायच्या आधी बघा

कुत्रं लंगडताना दिसलं की आपला हात आपोआप त्या पायाकडे जातो. थोडं थांबा. पाय धरला की ते आखडून घेतं, आपण घाबरतो, आपल्याला बघून ते आणखी घाबरतं, आणि खरं काय होतं आहे ते कळतच नाही. खाली येणारी धोक्याची लक्षणं दिसत नसतील, तर आधी दहा मिनिटं नुसतं बघण्यात घालवा.

घसरणार नाही अशा सपाट जागी त्याला पट्टा लावून सरळ रेषेत, हळू चालवा. पट्टा सैल सोडा. ताणून धरला तर डोकं हलत नाही, आणि पुढचा कुठला पाय दुखतो ते डोकंच सांगतं. दुखरा पाय जमिनीवर टेकतो त्या क्षणी कुत्रं डोकं वर उचलतं, भार कमी करण्यासाठी; चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास उलटं समजतो आणि धडधाकट पाय चाचपत बसतो. उभ्या कुत्र्याच्या शरीराचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढच्या पायाचं लंगडणं जास्त ठळक दिसतं. मागच्या पायाचं ओळखायला मागून बघावं लागतं. दुखऱ्या बाजूचा खुबा दुसऱ्यापेक्षा जास्त वर-खाली होतो, त्या पायाचं पाऊल आखूड पडतं, आणि भार पुढे सरकल्यामुळे डोकं एकंदरच खाली झुकलेलं राहतं.

मग त्याला उभं राहू द्या आणि पंजांकडे बघा. भार घेतलेल्या पंजाची बोटं पसरतात. दुखऱ्या पंजाची पसरत नाहीत, किंवा नुसती टोकं टेकलेली असतात.

हे सगळं फोनवर टिपून घ्या. एकदा समोरून येताना, एकदा पाठमोरं जाताना, एकदा बाजूने. प्रत्येकी वीस-तीस सेकंद पुरे. बसलेला असताना उठतो कसा तेही टिपा. हा खटाटोप यासाठी की दवाखान्यात पाऊल टाकलं की भीतीने आणि उत्तेजनेने बरीच कुत्री सरळ चालतात. सावली तर दवाखान्याच्या दारापर्यंत तीन पायांवर येते आणि आत शिरताच चार पायांवर. तिथे डॉक्टरांना दाखवायला माझ्याकडे व्हिडिओ नसता तर मी काय सांगितलं असतं?

थांबायचंच नाही अशा वेळा

या लक्षणांत घरी तपासत बसू नका, सरळ निघा, रात्र असली तरी. पाय भलत्याच कोनात वळला आहे किंवा नुसता लोंबतो आहे. हाड दिसतं आहे. स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरूनही रक्त थांबत नाही. गाडीचा धक्का लागला किंवा उंचावरून पडला, मग वरून काही दिसत नसलं तरीही, कारण आत छातीत-पोटात मार असू शकतो. सूज डोळ्यांदेखत वाढते आहे, विशेषतः गवतात किंवा अडगळीत तोंड घालून आल्यावर; असा सर्पदंश असू शकतो. मागचे दोन्ही पाय ओढतो आहे, किंवा एकाएकी उभंच राहता येत नाही. पंजा बर्फासारखा गार पडला आहे आणि पंजाखालच्या गाद्या फिकट किंवा निळसर झाल्या आहेत. रक्ताची गुठळी अडकली की असं होतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत. विव्हळणं थांबत नाही. लंगडण्याबरोबर लघवीही अडली आहे किंवा आपोआप गळते आहे.

याच्या एक पायरी खालची वेळ म्हणजे कुत्रं तो पाय अजिबात टेकवतच नाही, पण बाकी शुद्धीवर आहे, हिरड्या गुलाबी आहेत. अशा वेळी रात्र काढता येते, पण दुसरा दिवस मावळायच्या आत डॉक्टरांचा हात लागला पाहिजे. ताप असेल, खाणं सोडलं असेल, एखादा सांधा गरम आणि सुजलेला असेल, तरी हेच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं, साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38.3 ते 39.2 सेल्सिअस. ते गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजतात. नाकाला किंवा कानाला हात लावून ताप कळत नाही. 103 च्या वर गेला तर फोन करा.

पाय टेकवतो आहे, थोडाच लंगडतो आहे, खातो-पितो आहे, सूज नाही, अशा कुत्र्याला घरी विश्रांती देऊन चोवीस तास बघायला हरकत नाही. तरुण कुत्र्याच्या बाबतीत लोक दोन-तीन दिवस थांबतात. म्हाताऱ्याच्या बाबतीत मी एका दिवसावर जात नाही. आणि लंगडणं जाऊन पुन्हा आलं, तर मधले चांगले दिवस हिशेबात धरू नका. मोतीचे मधले चांगले दिवसच मला फसवत होते.

पंजा

खूप वेळा कारण पंजातच सापडतं, म्हणून तपासणी तिथून सुरू करायची. पण आधी स्वतःचा हात सांभाळा. दुखत असताना जन्मात कुणावर न गुरगुरलेलं कुत्रंही चावतं, आणि त्यात त्याचा दोष नसतो. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाला त्याचं डोकं छातीशी धरून बोलत राहायला सांगा. मुसकं घालायची सवय असेल तर घाला. धापा टाकत असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र घालू नका. दात दाखवले, अंग ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, की थांबा. तेवढ्यावरूनही डॉक्टरांना सांगण्यासारखं पुष्कळ कळलेलं असतं.

चांगल्या पायापासून सुरुवात करा. त्याला हात लावण्याची सवय होते, आणि आपल्या बोटांना त्याचा नेहमीचा पंजा कसा लागतो ते कळतं. मग दुखरा पंजा उजेडात धरा. एकेक गादी बघा, चीर आहे का, भाजल्यासारखी सोललेली आहे का. प्रत्येक नख मुळाशी धरून हलकेच हलवा. बोटांच्या बेचक्यांत केस बाजूला करून बघा, खालून आणि वरूनही, कारण काटा खालून घुसतो पण गवताचं कुसळ बऱ्याचदा वरून बेचक्यात शिरतं. कुसळ हा मोठा वाईट प्रकार आहे. त्याला उलटे दात असतात, ते आतच सरकत जातं, आणि बाहेर नुसता एक ओलसर लाल फोड दिसतो. तो फोड दाबून फोडायला जाऊ नका. वर वर रुतलेला काटा चिमट्याने निघत असेल तर काढा आणि कोमट पाण्याने पंजा धुवा. खोल गेलेलं काहीही घरी उकरायचं नाही.

सावलीची गोष्ट सांगते. ती अकरा वर्षांची असताना एका संध्याकाळी उजवा पुढचा पाय वर धरून कोपऱ्यात उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोर मोतीचा एक्सरे आला आणि मी मनगटाच्या वरचं हाड चाचपत सुटले. तिथे काही नव्हतं. मग तिनेच मान वळवून पायाच्या आतल्या बाजूला चाटलं. तिथे, जमिनीपासून वर, एक पाचवं नख असतं. ते जमिनीवर घासलं जात नाही, त्यामुळे वाढत राहतं, आणि आपण ते कापायला विसरतो. सावलीचं नख वाढून गोल वळलं होतं, कशात तरी अडकून उभं चिरलं होतं, आणि आतला गुलाबी जिवंत भाग उघडा पडला होता. चीर केसाएवढी बारीक, पण वाऱ्याची झुळूक लागली तरी ती पाय मागे घेत होती. मी कोमट पाण्याने धुतलं, स्वच्छ कापडाने दाबून धरलं, सैलसर गुंडाळलं आणि सकाळी नेलं. लोंबणारं नख डॉक्टरांनी जागा बधिर करून काढलं. चार दिवसांत ती पूर्ववत चालायला लागली. घरी ओढून काढलं असतं तर तिला भयंकर वेदना झाल्या असत्या आणि पुढच्या वेळी तिने मला पंजाला हात लावू दिला नसता.

नखाबद्दल आणखी एक, कारण हे फार कुणी सांगत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचं एकच बोट सुजून राहिलं, त्याच बोटाचं नख तुटलं, औषध घेऊनही दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर त्या बोटाचा एक्सरे काढायला सांगा. नखाच्या मुळाशी गाठ होऊ शकते आणि ती दिसायला साध्या संसर्गासारखीच दिसते.

पंजाच्या वर

पंजात काही सापडलं नाही तर हळूहळू वर सरका, दोन्ही पाय एकाच वेळी दोन हातांत धरून. एकट्या पायावरून सूज कळत नाही, तुलनेने कळते. गरम लागतं का, जाड लागतं का, बारीक लागतं का. मांडी बारीक लागली तर ते फार महत्त्वाचं आहे. स्नायू एका रात्रीत झडत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणजे आपल्याला आज दिसलेलं लंगडणं त्याच्यासाठी बऱ्याच दिवसांचं जुनं आहे. सांधे हलकेच वाकवा आणि सरळ करा. जोर लावायचा नाही. दुखलं की कुत्रं ओरडेलच असं नाही. ते मान वळवून तुमच्या हाताकडे बघतं, ओठ चाटतं, श्वास रोखतं, नाहीतर उठून जातं. ओरडलं नाही म्हणजे दुखत नाही, ही समजूत काढून टाका.

हाडांवरून बोटं फिरवताना चार जागा नीट चाचपा, विशेषतः कुत्रा मोठ्या चणीचा असेल तर. पुढच्या पायात खांद्याजवळ आणि मनगटाच्या वर, मागच्या पायात गुडघ्याच्या लगेच वर आणि लगेच खाली. हाडाचा कर्करोग जास्त करून या ठिकाणी होतो. टणक, न हलणारी, दाबल्यावर दुखणारी सूज लागली तर विश्रांती देऊन वाट बघू नका. असं हाड आतून कमकुवत झालेलं असतं आणि एखादी पायरी उतरतानाही मोडू शकतं.

मागच्या पायाच्या अचानक लंगडण्यात गुडघ्यातलं लिगामेंट तुटणं हे फार नेहमीचं कारण आहे. माणसाचं ते खेळताना एका फटक्यात तुटतं. कुत्र्याचं महिनोन् महिने दोरीसारखं एकेक धागा झिजत जातं आणि मग एके दिवशी नुसतं वळताना तुटतं. म्हणून मालक म्हणतो, काहीच झालं नाही हो, अंगणातून आत आला आणि पाय धरला. असं कुत्रं उभं असताना पंजाची टोकं फक्त टेकवतं. बसताना पाय अंगाखाली न घेता बाजूला काढून बसतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला घट्टसर सूज लागते. विश्रांतीने दोन-तीन आठवड्यांत ते पुष्कळसं बरं वाटतं, आणि तिथेच माणसं उपचार सोडतात. सांधा मात्र आत डगमगतच असतो, आणि पुढे तिथे सांधेदुखी पक्की होते. एक गुडघा गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा दुसराही काही काळाने जातो, म्हणून वजन आणि व्यायाम यांचा विचार दोन्ही गुडघ्यांसाठी करावा लागतो.

एखाद्या लहान चणीच्या कुत्र्याने चालता चालता मागचा पाय दोन-चार पावलं उचलून धरला, झटकला आणि पुन्हा नीट चालायला लागला, तर गुडघ्याची वाटी सरकत असते. ती घाई नाही, पण दाखवायला हवी.

पाय नसून पाठ

हे मी वेगळं काढते, कारण घोळ इथे होतो आणि वेळेला महत्त्वही इथेच सगळ्यांत जास्त आहे. दुखणारा पाय आणि बळ गेलेला पाय हे दोन वेगळे आहेत. दुखणारा पाय कुत्रं जपून उचलतं. बळ गेलेला पाय ओढला जातो, पंजा उलटा पडतो, नखं जमिनीवर घासतात. नखांचे पुढचे काठ बघा, मधल्या दोन बोटांची नखं वरून घासून बोथट झाली असतील तर पाय ओढण्याचं दुखणं नवं नाही.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. कुत्रं उभं असताना पोटाखाली हात घालून भार जरा तोला आणि मागचा एक पंजा हळूच उलटा करून जमिनीवर ठेवा, म्हणजे वरची बाजू खाली. धडधाकट कुत्रं क्षणात तो सरळ करतं. सरळ करायला वेळ लागला किंवा पंजा तसाच राहिला, तर पाय आणि मेंदू यांच्यामधला निरोप कुठेतरी अडतो आहे. मणक्यातली चकती सरकली असेल किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला असेल. दुसऱ्या प्रकारात कुत्रं एकदाच किंचाळतं, एका बाजूचे पाय लुळे पडतात, आणि थोड्या वेळाने त्याला दुखतच नाही. दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर ही चाचणी करूच नका. अशा कुत्र्याला उचलताना पाठ वाकू देऊ नका. फळीवर किंवा घट्ट ताणलेल्या चादरीवर दोघांनी मिळून न्या.

आणि डोकं एका बाजूला कललेलं, डोळ्यांची बुबुळं लुकलुकत सरकताहेत, कुत्रं एकाच बाजूला झोकांड्या खातं आहे, तर ते लंगडणं नसून तोल गेलेला असतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे एकाएकी होतं, बघणाऱ्याला पक्षाघात वाटतो, पण बरीच कुत्री काही दिवसांत सावरतात. त्याच दिवशी दाखवा.

आज हा पाय, परवा तो पाय, अंगात कणकण, खाण्यावर मन नाही, असं असेल तर गोचीड आठवा. गोचिडांतून होणारे आजार सांधे सुजवतात आणि ते रक्त तपासून कळतात. गोचीड सध्या अंगावर दिसत नसली तरी गेल्या काही आठवड्यांत काढली होती का, हे डॉक्टरांना सांगा.

औषधाच्या डब्याकडे जाऊ नका

घरातली वेदनाशामक गोळी अर्धी करून देणं हा सगळ्यांत जास्त नुकसान करणारा उपाय आहे, आणि तो प्रेमापोटी केला जातो म्हणून मला जास्त वाईट वाटतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात. म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात, त्यामुळे त्याला थोडीही जास्त होते. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर घाला घालतं. अॅस्पिरिनही नको. चोळायची मलमंही नकोत, कुत्रं ती चाटून पोटात घेतं.

मागच्या वेळची उरलेली, खास कुत्र्याचीच गोळी? तीही विचारल्याशिवाय नाही. सूज उतरवणाऱ्या दोन गोळ्या, किंवा अशी एक गोळी आणि स्टेरॉइड, पाठोपाठ पोटात गेली तर आतडं फाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. हे मला सावलीच्या वेळी कळलं. एका दवाखान्यात तिच्या पायाला हातही न लावता, वय झालंय, असं म्हणून इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी मी दुसरीकडे नेलं तेव्हा नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, इंजेक्शन कशाचं होतं? मला माहीत नव्हतं. त्यामुळे तिला हवी ती गोळी लगेच सुरू करता आली नाही, मधे काही दिवस सोडावे लागले. तेव्हापासून दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव मी तिथेच कागदावर लिहून मागते. तुम्हीही मागा, संकोच करू नका.

डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन (कुत्र्यांना देतात ती सूज आणि दुखणं उतरवणारी औषधं) दिलं तर ते अन्नाबरोबर द्या आणि लक्ष ठेवा. उलटी, काळी डांबरासारखी विष्ठा, खाणं सोडणं, यातलं काहीही दिसलं की पुढची गोळी देऊ नका आणि फोन करा. दीर्घकाळ चालणार असेल तर आधी आणि अधूनमधून मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

ते चोवीस तास

विश्रांती म्हणजे खोलीत मोकळं सोडणं नाही. दाराची घंटा वाजली की तो उठून पळणारच. लहान जागा करा, तिथे जाड अंथरूण टाका, पाणी जवळ ठेवा. शी-शूसाठी पट्ट्यानेच न्यायचं, पाच मिनिटांत परत. जिना, पलंग, गाडीत उडी, सगळं बंद. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या किंवा रबरी चटया टाका. एक पाय दुखत असताना बाकी तीन घसरले तर नवीन दुखणं होतं. मागचा पाय दुखत असेल तर मोठा टॉवेल पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढून घेऊन दोन्ही टोकं वर धरा आणि त्याच्या चालीने चाला. नर असेल तर टॉवेल लघवीच्या जागेवर येऊ देऊ नका. उचलायचं असेल तर एक हात छातीच्या पुढून आणि दुसरा मांड्यांच्या मागून घ्या. काखेत धरून उचलू नका.

ताजी सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेक जुन्या आखडलेल्या सांध्यांसाठी ठीक आहे, नव्या सुजेवर नको. घट्ट पट्टी बांधू नका. पट्टीखालची बोटं सुजून रक्तपुरवठा तुटल्यामुळे मूळ दुखण्यापेक्षा मोठं दुखणं होतं.

या काळात तीन गोष्टी लिहून ठेवा: केव्हा जास्त लंगडला, उठल्याउठल्या की चालून आल्यावर, रात्री झोपला का, की उठून जागा बदलत धापा टाकत होता, आणि खाल्लं किती. उठल्यावर आखडलेला आणि चार पावलांनी मोकळा होणारा कुत्रा बहुधा सांधेदुखीचा असतो. चालल्यावर वाढणारं आणि रात्री झोपू न देणारं दुखणं मला जास्त काळजीचं वाटतं.

दवाखान्यात

सकाळी न्यायचं असेल तर आदल्या रात्री फोन करून विचारा की उपाशी आणायचं का. नीट एक्सरे काढायला बऱ्याचदा गुंगी द्यावी लागते, कारण दुखरा सांधा जागेपणी हवा तसा ठेवता येत नाही. गुडघ्याचं लिगामेंट एक्सरेत दिसत नाही. डॉक्टर मांडीचं आणि पोटरीचं हाड धरून सांधा पुढेमागे सरकतो का ते हाताने बघतात, आणि घाबरून स्नायू आवळलेल्या कुत्र्यात तेही गुंगीतच नीट कळतं. म्हाताऱ्याला गुंगी कशी द्यायची, ही भीती मलाही होती. हृदय आणि रक्त तपासून, बेतानं दिली की बहुतेक कुत्री ती नीट पेलतात. निदानाशिवाय महिनाभर गोळ्या खाणं त्याहून सोपं नाही.

एक्सरेत सांधेदुखी दिसली तर लगेच तिथेच थांबू नका. वय झालेल्या जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या कुठल्यातरी सांध्यात ती दिसतेच. मला उपयोगी पडलेला प्रश्न हा: इथे दिसतंय त्यामुळेच तो आज एकाएकी लंगडतोय का, की आणखी काही असू शकतं?

सांधेदुखीच ठरली तर पुढचं काम मोठं आहे, पण हताश होण्यासारखं नाही. वजन उतरवणं हा त्यातला सगळ्यांत मोठा भाग. 48 लॅब्राडोर कुत्र्यांना पिल्लूपणापासून आयुष्यभर बघितलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं मिळालं, ती कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीचे उपचार बरेच उशिरा लागले. बरगड्यांवरून तळहात फिरवला की पातळ चादरीखालून लागाव्यात तशा त्या लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त आहे. चालणं बंद करायचं नाही. एकदा लांब फिरण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं, सपाटीवर.

तुमचा कुत्रा आज नीट चालत असेल तर आजच त्याच्या चालण्याचे ते तीन व्हिडिओ काढून ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवे काढा. अंगावरून हात फिरवताना चारही पायांच्या त्या जागा आणि पाचवं नख बघायची सवय लावून घ्या. सावलीचे असे चार वर्षांचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत. मागच्या महिन्यात तिचा डावा मागचा पाय जरा आखूड पडतोय असं वाटलं, तेव्हा मी जुना आणि नवा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले. फरक खरा होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. गुडघा थोडा सुजला होता, लिगामेंट झिजायला लागलं होतं, पण अजून तुटलेलं नव्हतं.